आखाजीला जुळते, पोळ्याला बिघडते: फ्लक्सचा ओलावा आणि शंभरावर जाणारी बेरीज

एक्सआरएफवर, म्हणजे क्ष-किरणांनी घटक मोजणाऱ्या यंत्रावर, बेसॉल्ट, माती, राख तपासणाऱ्या आपल्याकडच्या प्रयोगशाळांची एक तक्रार दरवर्षी ठरल्या वेळी येते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, कोरड्या हवेत केलेलं कॅलिब्रेशन अगदी चोख बसलेलं असतं. मग मृगाचा पाऊस पडतो, हवा दमट होते आणि पोळ्यापर्यंत सगळ्या ऑक्साइडांची बेरीज, जी १०० टक्के यायला हवी, ती १०१, १०१.५, कधी १०२ च्या घरात जाते. यंत्र तेच असतं, हात तोच, पद्धतही तीच. मग कंपनीच्या इंजिनिअरला फोन जातो, तो येऊन ट्यूब आणि डिटेक्टर तपासतो, सगळं ठीक असल्याचा शेरा देतो आणि जातो. कोणीतरी पुन्हा कॅलिब्रेशन करतं आणि आकडे जुळतात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेच आकडे उलट्या बाजूला, ९८.५ कडे घसरतात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की यात यंत्राचा दोष बहुतेक वेळा नसतो. दोष असतो फ्लक्सच्या डब्यात. नमुन्याची पावडर फ्लक्समध्ये, म्हणजे लिथियम बोरेटमध्ये, वितळवून काचेची चकती ओततात; तिलाच बीड म्हणतात आणि तीच यंत्रात लावतात. लिथियम बोरेट हवेतला ओलावा ओढतं, आपण ते कोरडं समजून तोलतो आणि चूक तराजूवरच होऊन बसते. पुढे यंत्र फक्त तिची इमानदारीने नोंद करतं. म्हणून पुन्हा कॅलिब्रेशन करण्याआधी खालच्या गोष्टी तपासून बघा. कॅलिब्रेशन बदललं की चूक झाकली जाते, आणि पुढच्या ऋतूत ती दुसऱ्या चिन्हाने परत येते.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

तीन मोजमापं लागतात आणि तासाभरात होतात. पहिलं, यंत्रासोबत आलेली ड्रिफ्ट मॉनिटरची, म्हणजे यंत्राचं वाचन सरकलं का ते दाखवणारी, कायमची काच लावा. तिचे काउंट नेहमीच्या मर्यादेत असतील तर यंत्राची बाजू बरीचशी स्वच्छ झाली. दुसरं, ज्या प्रमाणित नमुन्यावर कॅलिब्रेशन केलं होतं त्याची जुनी, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) जपून ठेवलेली बीड लावा. तिसरं, त्याच प्रमाणित नमुन्याची आज नवी बीड ओता आणि तीही लावा. जुनी बीड बरोबर वाचन देते आणि नवी जास्त देते, असं झालं तर प्रश्न यंत्राचा उरत नाही, नमुना तयार करण्याचा उरतो. जुनी बीड उघड्यावर पडून राहिली असेल तर मात्र तिच्यावर विसंबू नका. बोरेटच्या काचेचा पृष्ठभागही दमट हवेत मंद पडतो, आणि सोडियम, मॅग्नेशियमसारख्या हलक्या मूलद्रव्यांचे किरण अगदी वरच्या पातळ थरातूनच येत असल्यामुळे त्यांचं वाचन आधी बिघडतं.

आता नव्या बीडचे आकडे घ्या आणि प्रत्येक ऑक्साइडला त्याच्या प्रमाणित मूल्याने भागा. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा हवाईच्या बेसॉल्टचा नमुना, बीएचव्हीओ-२, आपल्या दख्खनच्या दगडाला रचनेने जवळचा आहे, म्हणून तोच उदाहरणाला घेतो. त्यात सिलिका ४९.९ टक्के, एकूण लोह फेरिक ऑक्साइडच्या रूपात १२.३ आणि कॅल्शियम ऑक्साइड ११.४ टक्के आहे. तुमच्या नव्या बीडवर ५०.८, १२.५ आणि ११.६ आले, तर तिन्हींचा भागाकार १.०१८ च्या आसपास येतो. सगळी मूलद्रव्यं एकाच पटीत वाढली असतील तर दुसरं काही शोधू नका, बीडमध्ये फ्लक्स कमी पडला आहे. एकच मूलद्रव्य हललं असेल तर कारण वेगळं असतं. फक्त हलकी मूलद्रव्यं खाली आली असतील तर व्हॅक्यूम, डिटेक्टरचा गॅस किंवा बीडचा पृष्ठभाग बघायला हवा.

हे करताना सॉफ्टवेअरमधलं १०० ला नॉर्मलाइझ करण्याचं बटण बंद ठेवा, आणि एलओआय (भाजल्यावर होणारी वजनातली घट) वजाबाकीने काढण्याची सवयही सोडा. या दोन गोष्टी चालू असतील तर बेरीज कायम शंभरच दिसते आणि दोष कुठे आहे ते कधीच कळत नाही. मला या दोन्ही सोयींचा राग येतो, कारण ग्राहकाच्या हातात चुकीचा आकडा नीटनेटका होऊन जातो.

ओलाव्याने बेरीज वाढते कशी

ऐकायला उलटं वाटतं. नमुन्यात पाणी असलं तर बेरीज कमी होते हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ओलावा म्हटलं की डोकं तिकडेच जातं. फ्लक्समधल्या पाण्याचा परिणाम बरोबर उलट असतो.

समजा ०.६०० ग्रॅम भाजलेला नमुना आणि ६.००० ग्रॅम फ्लक्स असा १:१० चा हिशोब आहे. फ्लक्समध्ये २ टक्के पाणी असेल तर भट्टीत ०.१२ ग्रॅम उडून जातं आणि खरा फ्लक्स ५.८८ ग्रॅम उरतो. बीड ६.६० ऐवजी ६.४८ ग्रॅमची होते. नमुन्याचा वाटा ९.०९ टक्के असायला हवा होता, तो ९.२६ होतो. म्हणजे प्रत्येक ऑक्साइड सुमारे १.८५ टक्क्यांनी फुगतो आणि शंभराची बेरीज १०१.८५ दाखवते. पावसाळ्यात आपल्याला जे आकडे दिसतात ते याच पट्ट्यातले असतात.

उलट दिशेचा हिशोबही लक्षात ठेवा. कॅलिब्रेशनच पावसाळ्यात, दमट फ्लक्सवर झालं असेल, तर हिवाळ्यात कोरडा फ्लक्स वापरल्यावर बेरीज शंभराच्या खाली जाते. नमुना ओला तोलला तरी बेरीज खालीच जाते. त्यामुळे खाली गेलेली बेरीज बघून घाईने निष्कर्ष काढू नका. वर गेलेली बेरीज मात्र बऱ्यापैकी स्पष्ट बोलते.

लिथियम बोरेटचे फ्लक्समध्ये दोन प्रकार असतात, टेट्राबोरेट आणि मेटाबोरेट. यात मेटाबोरेट जास्त दोषी आहे. टेट्राबोरेट तुलनेने शांत असतं, मेटाबोरेट पाणी धरतं आणि त्याचे हायड्रेट बनतात. म्हणून ज्या मिश्रणात मेटाबोरेट जास्त, त्यात पावसाळ्याचा त्रास जास्त. बारीक पावडरीचा फ्लक्स दाणेदार, आधीच वितळवून काच केलेल्या फ्लक्सपेक्षा कितीतरी लवकर ओला होतो, कारण हवेला लागणारा पृष्ठभागच मोठा असतो.

आणि एक आपल्याकडची गोष्ट. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ च्या पुढे जातो तेव्हा बऱ्याच ठिकाणी तराजूच्या खोलीत कूलर लावलेला असतो. कूलर म्हणजे पाण्याचीच हवा. बाहेर ओठ फाटतील इतकं कोरडं असताना आत फ्लक्सचा डबा भर उन्हाळ्यात ओलावा ओढत बसतो. त्यामुळे कोणाची बेरीज मे महिन्यातच चढू लागली तर पावसाची वाट न बघता आधी कूलर कुठे आहे ते बघावं. तराजूच्या खोलीत एसी हवा, आणि तो नसेल तर कूलर बंद ठेवून सकाळी लवकर तोलून घेणं बरं. कूलरच्या झोताने चौथ्या दशांशाचा आकडा नाचतो तो त्रास वेगळाच.

फ्लक्सचा एलओआय काढा

हा सगळ्या दुखण्यावरचा खरा उपाय आहे आणि तो फुकट आहे. रिकामी प्लॅटिनमची मूस भाजून, डेसिकेटरमध्ये थंड करून तोला. डबा नीट हलवून त्यातला ६ ग्रॅम फ्लक्स घाला, रिलीज एजंट (बीड साच्याला चिकटू नये म्हणून घालतात तो) घालू नका. रोज बीडसाठी जे तापमान आणि जेवढा वेळ वापरता, समजा १०५० अंश, तेवढंच ठेवा. मूस डेसिकेटरमध्ये थंड करून पुन्हा तोला. जी घट आली ती टक्क्यांत मांडा. दोन वेळा करा, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. ते जुळत नसतील तर डब्यात वरचा थर ओला आणि तळ कोरडा असा प्रकार असतो, मग सगळा डबा मिसळून घ्यावा लागतो.

तापमान आणि वेळ रोजचेच ठेवायला सांगतो त्याला कारण आहे. फार वर, ११५०-१२०० अंशांकडे गेलं की बोरेट स्वतःच थोडं उडू लागतं. रोजच्या परिस्थितीत जी घट होते तीच मोजली तर पाणी आणि ही वाफ दोन्ही एकाच आकड्यात येतात, आणि आपल्याला तोच आकडा हवा असतो.

मग वजन दुरुस्त करा. घट २ टक्के आली तर ६.००० ला ०.९८ ने भागा: ६.१२२ ग्रॅम तोलायचं, म्हणजे भट्टीतून बरोबर ६.००० उरतं. कोरड्या दिवसांत घट ०.२ टक्के असेल तर ६.०१२. नवा डबा फोडला की हे एकदा करायचं आणि पावसाळ्यात दर आठवड्याला. डब्यावर कागद चिकटवून तारीख आणि घट लिहून ठेवा. पाळी बदलली, माणूस बदलला तरी आकडा डब्यासोबत राहतो.

फ्लक्स भाजून कोरडा करणं हा दुसरा मार्ग. स्वच्छ पसरट भांड्यात पातळ थर करून मफल भट्टीत ५०० अंशांच्या आसपास काही तास ठेवायचा, डेसिकेटरमध्ये थंड करायचा, लगेच हवाबंद बाटल्यांत भरायचा. १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवून भागत नाही, हायड्रेटमधलं पाणी इतक्या सहज सुटत नाही. भाजलेला फ्लक्सही बाटली उघडी राहिली की पुन्हा ओला होतो, म्हणून भाजला तरी एलओआयची तपासणी चुकवू नये. डेसिकेटरमधलं सिलिका जेल निळं आहे की गुलाबी पडलंय ते रोज सकाळी बघायला एक क्षणही लागत नाही, आणि तरी ऑगस्टमध्ये जाल तिथे ते गुलाबीच दिसतं.

खरेदीबाबत माझं मत स्पष्ट आहे. मोठा ड्रम स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. महिनाभरात संपेल एवढ्या लहान, सीलबंद बाटल्या घ्या आणि पावसाळ्यापुरता तरी आधी वितळवलेला दाणेदार फ्लक्स वापरा. त्याला जास्त पैसे पडतात, पण इंजिनिअरच्या एका फेरीपुढे ते काहीच नाहीत.

बीड तोलत जा

ही सवय मला सगळ्यांत मोलाची वाटते. साच्यातून निघालेली प्रत्येक बीड थंड झाल्यावर तराजूवर ठेवा. ०.६ आणि ६.० मिळून ६.६ ग्रॅमच्या आसपास यायला हवी, त्यात नमुन्याची घट आणि रिलीज एजंटचा किरकोळ फरक. ओतताना मुशीत थोडं चिकटून राहतं, तेही रोज साधारण सारखंच असतं. आठवडाभराच्या नोंदींत वजन हळूहळू उतरताना दिसलं, तर यंत्राने सांगण्याआधीच फ्लक्सने सांगितलेलं असतं. न ओतता मुशीतच थंड करणाऱ्या पद्धतीत तर हा हिशोब आणखी स्वच्छ मिळतो.

बेरीज खाली असेल तर: काळी माती आणि राख

आपली काळी कापसाची जमीन म्हणजे स्मेक्टाइट मातीचं भांडार. तापीकाठच्या रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातली असो की शिरपूरकडची, ही माती हवेतलं पाणी सतत घेते आणि सोडते. १०५ अंशांना वाळवून बाहेर काढली आणि तराजूवर ठेवली तर आकडा डोळ्यांदेखत वर सरकताना दिसतो. तुम्ही चमचा खाली ठेवून दार लावता तोवर चौथा दशांश सरकलेला असतो आणि थोडं थांबलात तर तिसराही. इथे एलओआय वाळवलेल्या मातीवर काढला आणि बीड मात्र टेबलावर पडून राहिलेल्या मातीची केली, तर बेरीज तेवढ्या ओलाव्याने खाली येणारच. उपाय साधा आहे: एलओआयचं आणि बीडचं वजन एकाच बाटलीतून, एकाच बैठकीत घ्या. किंवा आधी भाजून, भाजलेल्या पावडरीचीच बीड करा. त्यातही चुनखडीचे खडे असलेली माती भाजल्यावर त्यातला चुना पुन्हा हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो, म्हणून ती डेसिकेटरमधून काढून ताबडतोब तोलायची. न भाजता थेट फ्लक्समध्ये टाकली तर तोच चुनखडीतला वायू फेस आणतो, थेंब उडतात आणि मग कोणताच हिशोब लागत नाही.

दीपनगरसारख्या औष्णिक केंद्राच्या राखेत न जळलेला कोळसा असतो. ती राख आधी चिनी मातीच्या मुशीत भाजून घ्या, प्लॅटिनममध्ये थेट नको. कार्बन उरला तर वितळण्याच्या वेळी तो लोहासारख्या घटकांचा ऑक्सिजन ओढून घेतो, सुटा झालेला धातू प्लॅटिनमशी मिश्रधातू करतो आणि मूस कायमची खराब होते. सल्फाइड असलेल्या खनिजांनाही हाच नियम: आधी नायट्रेट घालून कमी तापमानावर नीट ऑक्सिडीकरण, मगच वर चढायचं. गॅस बर्नरवर काम करणाऱ्यांनी निळी ज्योत सांभाळावी, पिवळी ज्योत मुशीला लागू देऊ नये.

बीड तडकते तेव्हा

तडकलेल्या बीडची तक्रारही पावसाळ्यात वाढते, पण तिची कारणं अनेक असतात आणि सगळी ओलाव्यावर ढकलू नयेत. तडकलेली बीड ट्यूबलाइटखाली तिरकी धरा आणि तड कुठून निघाली आहे ते शोधा. बऱ्याचदा तडेची रेघ एका बारीक पांढऱ्या ठिपक्यापाशी जाऊन थांबते. भिंगातून पाहिलं तर तो ठिपका कडा शाबूत असलेला दाणा असतो, म्हणजे न विरघळलेला क्वार्ट्‌झ किंवा तसलंच काही. दळण ७५ मायक्रॉनच्या खाली गेलेलं नाही किंवा वितळताना हलवणं कमी पडलं. ठिपका धूसर, कडा नसलेला, ढगाळ असेल तर तो स्फटिक आहे, थंड होताना काचेतच तयार झालेला. मेटाबोरेट जास्त असलेली मिश्रणं असं करतात. आणि काठाशी बारीक बुडबुड्यांची माळ दिसली तर पाणी किंवा वायू वेळेत निघून गेला नाही, मग पुन्हा फ्लक्सच्या एलओआयकडे वळा.

इथे फ्लक्सची निवडही तपासावी लागते. लिथियम टेट्राबोरेट आम्लधर्मी, ते चुनखडी, सिमेंट, डोलोमाइट अशा अल्कधर्मी नमुन्यांना चांगलं विरघळवतं. मेटाबोरेट अल्कधर्मी, ते वाळू, राख, चिकणमाती अशा सिलिका-ॲल्युमिनाच्या नमुन्यांना. टेट्राबोरेट सुमारे ९२० अंशांना वितळतं, मेटाबोरेट ८५० च्या अलीकडे, आणि दोघांचं ३५:६५ चं मिश्रण त्याहूनही कमी, ८२५ च्या आसपास. धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून भिंतीसारखे वर आलेले बेसॉल्टचे डाइक आहेत. त्यांच्या खडीसाठी मला तरी टेट्राबोरेट निम्मं किंवा त्याहून जास्त असलेलं, ५०:५० किंवा ६६:३४ चं मिश्रण सोयीचं वाटतं: बेसॉल्टमध्ये सिलिका पन्नाशीची असली तरी लोह, चुना, मॅग्नेशिया मिळून बऱ्यापैकी अल्कधर्मी भाग असतो, आणि मेटाबोरेट कमी म्हणजे ओलाव्याची कटकटही कमी.

टाकणखाराबद्दल विचारणा होते म्हणून लिहितो. जळगावच्या सराफ बाजारात सोनं गाळताना वर जो टाकणखार टाकतात तो सोडियमचा बोरेटच आहे आणि तत्त्वही तेच, ऑक्साइड स्वतःत विरघळवून घेणं. फर्नांड क्लेस यांनी १९५६ मध्ये कॅनडात एक्सआरएफसाठी काचेच्या बीडची पद्धत मांडली तीही बोरॅक्स वापरूनच. पण आज फ्लक्स संपला म्हणून बाजारातला टाकणखार घालू नका. त्याच्या स्फटिकात वजनाच्या ४७ टक्के पाणी असतं, तो फुगून मुशीबाहेर येतो, आणि नमुन्यातलं सोडियम तर मोजायलाच उरत नाही.

चिकटणाऱ्या बीडसाठी

थोडक्यात: लिथियम ब्रोमाइड किंवा आयोडाइड लागेल तेवढंच घाला. ब्रोमिनची रेषा ॲल्युमिनियमच्या रेषेवर येते, आयोडीनची टायटॅनियमवर, आणि आपल्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियम भरपूर असल्यामुळे तो आकडा ग्राहक हमखास बघतो. एजंट जास्त झाला तर बीड साचा भरत नाही, गोळा होऊन एका बाजूला सरकते. साच्याच्या तळाला ओरखडे असतील तर कितीही एजंट घातला तरी बीड धरून बसते, तेव्हा साचा पॉलिश करून घ्यावा. तांबं असलेले नमुने जास्त चिकटतात, त्यांना पातळ करून, म्हणजे नमुन्याचं प्रमाण निम्म्यावर आणून ओतावं.

एमआयडीसीत वीज झटके खात असेल तर एक गोष्ट आणखी बघा: भट्टीचा पडद्यावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान. थर्मोकपल जुना झाला की पडद्यावर १०५० दिसत राहतं आणि आत भट्टी तीस-चाळीस अंश वेगळ्या तापमानावर चालत असते. वेगळा तपासलेला थर्मोकपल मुशीच्या जागेवर धरून वर्षातून दोनदा, एकदा होळीनंतर आणि एकदा पाऊस सुरू झाल्यावर, आकडा मिळवून घ्या आणि फ्लक्सची घट त्याच दिवशी नव्याने काढा.